अन्नशुद्धी : चुलीपासून बांधीपर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



आहारशुद्धीचा विषय जैन श्रोत्यांपुढे मांडणे म्हणजे वैनगंगेकाठच्या माणसाला नदी दाखविण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. पाणी गाळून पिणे, धान्य शोधून घेणे, सूर्यास्तापूर्वी भोजन, द्विदळाचा विचार हे संस्कार आपणांस बाळघुटीतच मिळाले. तथापि अलीकडे आपल्याच घरांतून निराळी चिंता ऐकू येते. दुधात काय मिसळले असेल? हळदीचा रंग हळदीचाच असेल काय? बेसन खरोखर हरभऱ्याचे आहे काय? यांतील शेवटच्या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यात मोठा इतिहास आहे आणि त्याचे नाव लाखोरी.

लाखोरी, कोणी लाखोळी म्हणतात, बाजाराच्या भाषेत खेसारी. धान कापणीला येण्याच्या सुमारास, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात तिचे बी फेकून द्यायचे. नांगरट नाही, ओलित नाही. धान निघाले की बांधी पुन्हा हिरवी होते. कोवळ्या पाल्याची भाजी, डाळीचे वरण, सणावारी वडे. भंडारा आणि १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया, या तलावांच्या मुलखात ज्याच्यापाशी विहीर नाही अशा शेतकऱ्याला हे पीक फार मोठा आधार देत आले.

याच डाळीची दुसरी बाजू भयंकर आहे. १८३० च्या दशकात सागर भागात गव्हाची पिके बुडाली, लोकांनी या डाळीवरच दिवस काढले आणि धडधाकट तरुणांचे पाय लुळे पडले, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. (आपल्यातील कित्येक परवार कुटुंबांचे मूळ त्याच बुंदेलखंडातले.) पुढे रीवा भागात बांधील मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे, आणि तेथेही पांगळेपणाने गावेच्या गावे गाठली. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तिच्यातील विषारी द्रव्य वेगळे करून दाखविले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास त्याचे प्रमाण बरेच घटते. परंतु महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून हीच डाळ पोटात गेली आणि एकदा पाय गेले, की ते परत येत नाहीत.

१९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी अन्यायाची आहे असे मानून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. महाराष्ट्राने २००८ मध्ये बंदी उठविली. २०११ च्या केंद्रीय नियमावलीत मात्र निर्बंध राहिले. २०१६ च्या जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूल मत दिले. माझे मत विचाराल तर दोन्ही पक्षांत तथ्य आहे. विष खरे आहे. पण ते कोणाच्या थाळीत, किती दिवस आणि दुसरे काही खायला नसताना गेले, हे पाहिल्यावाचून केवळ डाळीला दोष देता येत नाही.

बंदीने पीक थांबले नाही. त्याचे नाव तेवढे पुसले गेले. लाखोरी म्हणून विकता येईना, म्हणून ती तुरीच्या, हरभऱ्याच्या डाळीत शिरली. येथे मला आमच्याच दुकानाची गोष्ट सांगितली पाहिजे. मी तेव्हा शाळेत होतो. खेड्यातली एक वृद्ध बाई डाळ घेण्यास आली. तिने मूठभर डाळ तळहातावर पसरली आणि म्हणाली, "शेठजी, यात लाखोरी हाय जी." ती म्हणाली ते खरे होते. हरभऱ्याची डाळ गोलसर; लाखोरी एका बाजूने उतरती, चौकोनी. वडिलांनी तिचे पैसे परत केले, क्षमा मागितली. पोते मात्र परत गेले नाही. पुढच्या दोन बाजारांत ते विकले गेले. वडील पर्युषणात उपवास करीत, रात्री पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यांच्याविषयी माझा आदर आजही कमी झालेला नाही, आणि ते पोतेही मी विसरू शकलेलो नाही.

तत्त्वार्थसूत्रकारांनी या व्यवहाराला नाव देऊन ठेवले आहे : प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे एका वस्तूच्या रूपात दुसरी वस्तू देणे. खोट्या मापाशेजारी त्यांनी तो ठेवला आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत गणला. घेणाऱ्याला अपाय होवो वा न होवो, भेसळ ही मुळात चोरीच्या जातीची. आपला समाज व्यापारी आहे. किराणा, धान्य, डाळ यांत आपले हात आहेत. तेव्हा शुद्धीचा आग्रह स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर संपवून चालेल काय?

आपल्या जुन्या घरांत पिठाची मर्यादा पाळली जाई : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. हेतू जीवरक्षेचा होता. पण त्यामुळे पीठ वरचेवर ताजे दळावे लागे आणि दळण्यापूर्वी डाळ सुपात घरच्या बाईच्या डोळ्यांखालून जाई. तयार बेसनाच्या पिशवीने ती वेळ वाचविली आणि ती नजरही घालविली. दळलेल्या पिठात उतरती कड कोणाला दिसणार?

आज सकाळी भोजनशाळेत मी सहज विचारले, बेसन कोठून येते? व्यवस्थापकांनी पिशवी दाखविली. तीवर गिरणीचे नाव होते, शेताचे नव्हते. विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. पुढील हंगामापासून आपल्या भोजनशाळेसाठी अख्खा हरभरा जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून, त्यांचे नाव व गाव वहीत लिहून घ्यावा, आणि तो येथेच निवडून दळावा. निवडण्याच्या कामाला माझे नाव पहिले लिहावे.