चर्चागटातील फाइल आणि तिची नोंद



दिल्लीच्या लोधी इस्टेट परिसरात, इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयात १९८८ साली 'डेलनेट' हा उपक्रम सुरू झाला. राजधानीतील निरनिराळ्या ग्रंथालयांत कोणते ग्रंथ व नियतकालिके आहेत याची एकत्रित सूची संगणकावर तयार करावयाची आणि एका ग्रंथालयाच्या वाचकास दुसऱ्या ग्रंथालयातील साहित्य मिळवून द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. १९९२ मध्ये त्याची संस्था म्हणून नोंदणी झाली आणि कालांतराने त्याचा विस्तार दिल्लीबाहेरही झाला. या कामाचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. येथे आधी सूची होती, मग देवाणघेवाण. इंटरनेटवरील चर्चागटांत मात्र याच्या उलट घडत आले आहे. तेथे फाइल आधी रवाना होते आणि सूची बहुधा होतच नाही.

याला एक ठळक अपवाद दिल्लीतच घडला. भारतातील संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ मध्ये 'सोल्यूशन एक्स्चेंज' हा ई-मेलवर चालणारा उपक्रम सुरू केला. पाणी, माता-बाल आरोग्य, अन्न व पोषण सुरक्षा, विकेंद्रीकरण अशा विषयांचे स्वतंत्र गट होते आणि त्यांत शासकीय अधिकारी, स्वयंसेवी कार्यकर्ते व संशोधक एकत्र येत. एखाद्या सदस्याने अडचण मांडावी, इतरांनी अनुभव व कागदपत्रे पाठवावीत, एवढ्यावर काम थांबत नसे. गटाचा समन्वयक व त्याचे सहायक आलेली उत्तरे वाचून त्यांचा एकत्रित गोषवारा तयार करीत. उपयुक्त दस्तऐवज, जाणकार व्यक्ती आणि संस्था यांची यादी त्यास जोडलेली असे. त्यामुळे मूळ चर्चेत सहभागी नसलेल्या कार्यकर्त्यालाही तो गोषवारा उपयोगी पडे. या उपक्रमाचे खरे भांडवल संगणक नव्हते; वाचून, निवडून, नोंद ठेवणारी माणसे हे होते. तो उपक्रम आता त्या रूपात चालू नाही. पण अशा माणसांच्या वेतनाची तरतूद करावी लागते, हा त्याचा धडा शिल्लक आहे.

मराठी सदस्यांपुढे त्या काळात आणखी एक अडचण होती आणि ती फार त्रासाची होती. देवनागरीसाठी प्रत्येक उत्पादकाचा टंक वेगळा व त्यामागील संकेतमांडणीही वेगळी. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते, तरी छपाई व कार्यालयीन लेखनात हे खासगी टंकच रुळले. जिल्ह्यातून पाठविलेला मराठी अहवाल दिल्लीच्या संगणकावर उघडला, की अक्षरांऐवजी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग दिसे. फाइल पोहोचली होती, मजकूर पोहोचला नव्हता. मग लोक छापील पानाचे छायाचित्र पाठवू लागले. ते वाचता येई, पण त्यात शब्द शोधता येत नसे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-शासनासाठी युनिकोड हे प्रमाण अधिसूचित केले. तरीही जुन्या टंकांत बंदिस्त झालेले कित्येक अहवाल रूपांतराविना पडून आहेत. जलसंधारणाच्या एखाद्या जुन्या प्रयोगाची माहिती नव्या ग्रामसेवकास शोधूनही मिळत नाही, त्याचे एक कारण येथे आहे.

साठवणीची जागा परक्याची असेल, तर काय होते हे 'याहू ग्रुप्स'ने दाखविले. या सेवेत गटाच्या फाइली ठेवण्यासाठी स्वतंत्र विभाग होता आणि भारतातील असंख्य गट त्यावर विसंबून होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने साठविलेला मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. ज्यांनी वेळीच प्रती उतरवून घेतल्या त्यांचे साहित्य वाचले. इतरांचे गेले.

आता बहुतेक गट भ्रमणध्वनीवर आले आहेत. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून २ गिगाबाइटपर्यंतची फाइल पाठविता येते. म्हणजे आकाराचा अडसर जवळजवळ संपला आहे. परंतु काही महिन्यांनी जुनी फाइल उघडू पाहावे, तर ती उपलब्ध नाही, पाठविणाऱ्यास पुन्हा मागा, अशी सूचना येते. पुन्हा आलेली प्रत तीच असेल याचाही भरवसा नाही. 'अंतिम', 'अंतिम नवी' आणि 'अंतिम नवी सुधारित' या तिन्ही फाइली एकाच गटात सुखाने नांदताना दिसतात!

सुलभतेचा धोकाही आहे. लाभार्थ्यांची नावे, आजार व बँक खाती असलेला तक्ता दोनशे जणांच्या गटात टाकण्यास क्षणभर पुरतो, पण परत घेणे कोणाच्याच हाती नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. स्वामित्वहक्काची बाजू निराळी आहे. विधिमंडळापुढे ठेवलेल्या समित्यांचे अहवाल पुनर्मुद्रित करण्यास १९५७ चा कायदा सामान्यतः मुभा देतो. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणाच्या ओघातील वापर ग्राह्य मानला. त्यावरून कोणताही ग्रंथ कोणत्याही गटात वाटता येतो, असा अर्थ काढणे मात्र चूक ठरेल.

नव्या गटाने पहिल्याच दिवशी एक साधा तक्ता उघडावा: फाइलीचे नाव, कर्ता, तारीख, भाषा, वापराची परवानगी आणि मूळ प्रतीचे ठिकाण. गट बंद झाल्यास साहित्य कोणत्या ग्रंथालयाकडे वा संस्थेकडे जाईल, हेही त्यातच लिहावे. आठवड्यातून काही तास हा तक्ता भरणारा सदस्य नेमावा आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्या तासांचा खर्च दाखवावा.