पेट्रोलची वाफ आणि बंद खोली
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



या वर्षी रुग्णकक्षांच्या खिडक्यांखालील दुचाकींचा वाहनतळ आपण कुंपणाकडे हलविला. भर पावसात अधिक चालावे लागते, म्हणून अनेकांनी नाराजी कळविली. ती रास्त आहे. परंतु निर्णयामागील कारण सांगणे माझे कर्तव्य होय. मी वाणिज्य शाखेचा. वैद्यकीय भाग डॉक्टरांकडून समजून घेतला आहे.

गाडीचा धूर दिसतो, पेट्रोलची वाफ दिसत नाही. इंजीन बंद केल्यावरही ते काही काळ तापलेले असते आणि टाकी, नळ्या, कार्ब्युरेटर यांतून पेट्रोल उडत राहते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. मोकळ्या अंगणात वारा तिला वाहून नेतो. पण महाड-पोलादपूरचा पाऊस आपण जाणताच! पावसाळ्याचे चार महिने गाडी पडवीत, जिन्याखाली, क्वचित माजघराच्या दाराशी उभी असते. दारे-खिडक्या लावलेल्या, आणि आत बाळंतीण किंवा दम्याचे आजोबा झोपलेले. गवत कापण्याच्या यंत्रासाठी आणलेली पेट्रोलची बाटलीही तिथेच कोपऱ्यात. जवळ समई वा शेगडी पेटती असेल तर आगीचे भय निराळेच.

या वाफेने डोके दुखते, मळमळते, घसा चुरचुरतो. त्याहून गंभीर बाब बेंझीनची. आपल्या देशात पेट्रोलमधील बेंझीनवर १ टक्क्याची मर्यादा आहे. तथापि बेंझीनची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेविषयीच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. दीर्घकाळच्या संपर्काने अस्थिमज्जेस अपाय होतो, रक्ताचा कर्करोगही संभवतो. अमुक रुग्णाचा आजार याच वाफेमुळे झाला, असे मात्र मी म्हणत नाही. तसे कोणी ठरवूही शकणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पेट्रोलपंपांसाठी शाळा, १० वा अधिक खाटांची रुग्णालये व निवासी वस्ती यांपासून सर्वसाधारणपणे ५० मीटर अंतर ठरविले. भरलेली टाकी मात्र आपण स्वतःच उंबरठ्याच्या आत आणतो. अलीकडच्या गाड्यांत वाफ शोषून घेणारी कोळशाची डबी असते. आपल्या भागात जुन्या गाड्याही पुष्कळ आहेत.

तेव्हा वाहनतळ पूर्वीच्या जागी येणार नाही. नव्या जागेपासून प्रवेशद्वारापर्यंत पत्र्याचे छप्पर घालण्याचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवला आहे. या कामासाठी देणगी देणाऱ्यांनी पावतीवर ‘वाहनतळ’ असा उल्लेख करून घ्यावा, म्हणजे ती रक्कम स्वतंत्र खात्यात जमा करता येईल.