खुनाच्या आरोपीला वकील कशाला?



खुनाच्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेतले की गावात एक प्रश्न हमखास निघतो: "अशा माणसाची बाजू घ्यायला यांना काहीच कसे वाटत नाही?" हा प्रश्न विचारणारे दुष्ट नसतात. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्याविषयीच्या कळवळ्यातूनच तो उमटतो. म्हणून तो उडवून न लावता त्याचे सरळ उत्तर देण्याचा आज आमचा विचार आहे.

आपल्या कोल्हापूरला हा प्रश्न परका नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० तारखेला त्यांचे निधन झाले. पानसरे स्वतः वकील होते. श्रमिकांच्या हक्कांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्याच वर्षी पहिल्या संशयिताला अटक झाली, तेव्हा त्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे येथील वकील संघटनेने ठरविले. आरोपीच्या बाजूने मग बाहेरगावचे वकील उभे राहिले. त्या खटल्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. त्या ठरावामागचे दुःख खरे होते, हेही आम्ही जाणतो. परंतु दुःख खरे असले म्हणून त्यातून निघालेला निर्णय योग्यच ठरतो असे नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करवून घेण्याचा हक्क घटनेच्या बाविसाव्या कलमाने दिला आहे. आरोपी दोषी आहे की निर्दोष, याविषयी स्वतःचे मत बाजूला ठेवून वकिलाने बचाव करावा, असे बार कौन्सिलचे नियमही सांगतात. डिसेंबर २०१० मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे बहिष्काराचे ठराव घटनाविरोधी आणि निरर्थक ठरविले.

पण कायदा सांगतो एवढ्याने मनाचे समाधान होत नाही. हा हक्क का हवा, हे नाशिकच्या एका खटल्यावरून कळेल. २००३ साली तेथे एका वस्तीवर दरोडा पडून पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशीच ठरविली. पुढे प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा न्यायालयापुढे आले ते असे: वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या धाग्याचा तपासच झाला नव्हता. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला झाला. पाच लाखांत गेलेली वर्षे परत येतात काय? आणि ज्यांचे आप्त मारले गेले त्यांना तरी काय मिळाले? चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याने मृताला न्याय मिळत नाही. खरा खुनी तेवढा मोकळा राहतो.

याच्या उलट मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याचा खटला पाहा. कसाबचे वकीलपत्र घेण्यास विरोध झाला. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिला. प्रत्येक पुरावा उलटतपासणीतून गेला, म्हणूनच त्याची शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात टिकली. त्याच खटल्यात दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि ती सुटकाही वर कायम राहिली. चाळणी एकच होती. तिने दोषी आणि पुरावा नसलेले वेगळे केले.

बचाव म्हणजे केवळ 'मी केले नाही' असे सांगणे नव्हे. पंचनामा खरोखर जागेवर झाला काय, हत्यार कोणी आणि कोठून काढून दिले, ओळखपरेड होण्यापूर्वीच साक्षीदाराला आरोपी दाखविला नव्हता ना, हे वकील तपासतो. मारहाण झाली तरी खून करण्याचा हेतू होता काय, की तो सदोष मनुष्यवध ठरतो, की स्वसंरक्षणात हात उचलला गेला, यावर शिक्षेचा सारा फरक पडतो. हे प्रश्न विचारायला कोणी नसेल तर न्यायाधीशाला एकच बाजू ऐकू येते. अर्थात खोटा साक्षीदार उभा करणे हा बचाव नव्हे. तो अपराधच आहे.

पैसा असलेल्याला वकील मिळतोच, अडचण गरिबाची. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. पण तो मिळून भागत नाही, त्याला तयारीला वेळ हवा. फाशी वा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा आणि त्याला तयारीसाठी साधारणतः किमान सात दिवस मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले. अपिलासाठी मुंबईच्या वाऱ्या करणे ज्याला परवडत नव्हते, त्याला हा मोठाच आधार झाला.

राहिले काम तुमचे-आमचे. मृताच्या घरी आपण जरूर जावे, त्यांच्या पाठीशी उभे राहावे. मात्र आरोपीच्या वकिलाच्या दारावरून जाताना तोंड फिरवू नये. उद्या चुकीच्या संशयाने आपलाच मुलगा पकडला गेला, तर आपण त्याच दाराशी जाऊन उभे राहणार आहोत.