देवाच्या नावावर पाप कोणाचे?
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



देवळाच्या जीर्णोद्धारासारख्या मंगल प्रसंगी असला विषय कशाला, असे कोणास वाटेल. तथापि ज्या गावाने पदरमोड करून देवाचे घर नवे केले, त्याच गावाला हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आहे. माणूस देवाच्या नावाने दुष्कृत्य करतो, तेव्हा दोष श्रद्धेचा की माणसाचा?

फार लांब जावयास नको. याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, २०१२ साली एका सात वर्षांच्या मुलीचा नरबळी दिल्याचे प्रकरण घडले. अशा वेळी एक बाजू म्हणते, देव-धर्मच याचे मूळ. दुसरी म्हणते, हा धर्मच नव्हे, धर्माचा काय संबंध! दोघांचीही सुटका फार लवकर होते.

पुढल्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्यानंतर नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला. आता वारी, कीर्तन बंद पडणार, अशी धास्ती पुष्कळांनी घेतली होती. वास्तविक त्या कायद्यातच यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. गुन्हा धरला तो माणसाला इजा करण्याचा, लुबाडण्याचा. भक्तीला शिक्षा नाही. पण 'देवीने सांगितले' ही सबबही चालत नाही.

देव नाकारल्याने माणूस सुधारतो म्हणावे, तर तेही दिसत नाही. रशियात १९३१ साली मॉस्कोचे मोठे ख्रिस्तमंदिर सरकारने सुरुंग लावून पाडले. त्यानंतर सहा-सात वर्षांतच तेथे लाखो निरपराध माणसे तुरुंगात गेली, गोळ्यांना बळी पडली. तेथे कोणी देवाचे नाव घेतले नव्हते. आणि आपल्याकडे धुऱ्यावरून भावाचे डोके फोडणारा तरी कोणत्या पोथीला विचारून काठी उचलतो?

एवढे बोलून श्रद्धेला निर्दोष ठरविणे सोपे आहे. पण मग बंद दाराचे काय? अमुक जातीच्या माणसाने पायरी चढली तर देव बाटतो, असे मानणारे सगळेच काही लबाड नव्हते. त्यांत सज्जन होते, उपासतापास करणारे होते. त्यांचा तो विश्वासच होता, आणि त्या विश्वासानेच शेकडो वर्षे माणसांना उन्हात बाहेर उभे केले. हा दोष भोंदू बुवाच्या माथी मारता येत नाही.

गंमत अशी की, ते दार उघडणारेही भाविकच निघाले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. नाशिकला काळाराम मंदिरासाठी १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तेथे मात्र वर्षानुवर्षे खटपट करूनही दार उघडले नाही. पंढरपुरात साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दर्शन सर्वांना मोकळे झाले. अडविणाराही विठ्ठलाचा आणि उपाशी बसणाराही विठ्ठलाचाच!

म्हणून श्रद्धा कोणती, हे तिच्या वागणुकीवरून पाहावे लागते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा हेच तर खराट्याने आणि कीर्तनाने शिकवीत फिरले. नवसाच्या बोकडावर सुरी चालविणाऱ्याला त्यांनी कधी गोंजारले नाही. पण भजनावरचे लोकांचे प्रेमही तोडले नाही. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, देऊळ बांधले नाही. देणगीदारांनी या गोष्टीचा राग मानू नये, विचार मात्र करावा.

नव्या सभामंडपात फरशी बसली, रंग झाला. आता येथे कोण बसणार, पालखीला खांदा कोण देणार, विधवा भगिनीच्या हातून ओटी भरली जाणार की नाही, हे ठरविणे गवंड्याच्या हाती नाही. महाप्रसादाची वेळ झाली आहे. पंगत एकच बसणार, असे मंडळाने कळविले आहे. तेव्हा पानावर वाट पाहावयास न लावता हे भाषण येथेच पुरे करणे बरे.