एक पैही न गमावणारे दिग्दर्शक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



स्वस्त, भडक चित्रपटांच्या दिग्दर्शकावर बोलण्यास एक निवृत्त शिक्षक उभा राहावा, याचे काहींस नवल वाटेल. परंतु रॉजर कॉर्मन या अमेरिकन गृहस्थांचे चरित्र आपल्या कानी घालावे, असे आम्हांस फार दिवस वाटत होते.

कॉर्मन यांचा जन्म १९२६ साली डेट्रॉइट येथे झाला आणि २०२४ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, ते निवर्तले. स्टॅनफर्ड विद्यापीठात ते औद्योगिक अभियांत्रिकी शिकले, व ती विद्या चित्रपटांच्या हिशेबात वापरली. दुसऱ्याच्या चित्रपटासाठी उभारलेला देखावा मोडण्यापूर्वीच त्यावर आपले काम उरकून घ्यावयाचे! माणसे खाणाऱ्या रोपट्याचा 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) हा विनोदी चित्रपट त्यांनी बव्हंशी दोन दिवसांत चित्रित केला. त्याच्या भक्तांची पंथासारखी परंपराच पुढे निर्माण झाली. आत्मचरित्राच्या नावातच, शंभर चित्रपट काढून एक पैही गमावली नाही, अशी त्यांची बढाई आहे.

ती पुरती खरी नव्हे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या. काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकू लागताच एक गोडबोल्या परका गावात येतो आणि गावास चिथावितो, अशी 'दि इन्ट्रूडर' (१९६२) ची कथा. कॉर्मन बंधूंनी त्यात पदरचा पैसा घातला. मिसूरी राज्याच्या आग्नेय भागात, तेथील रहिवाशांनाच घेऊन चित्रण केले; कथेचा रोख कळताच विरोध झाला, धमक्या आल्या. एरवी कॉर्मन यांच्या चित्रपटांत राक्षस असत; येथे होते ते शेजारीपाजारी, दुकानदार, मुलांचे बाप. चित्रपटाची वाखाणणी झाली, परंतु पैसा बुडाला.

त्यानंतर, विचार मांडावयाचा तो करमणुकीच्या पोटात दडवून, असे त्यांनी ठरविले. ही तडजोड आम्हांस मनापासून रुचत नाही. तथापि कोपोला, स्कॉर्सेसी यांच्यासारख्यांना आरंभीच्या काळात संधी देणारे, आणि बर्गमनचे 'क्राइज अँड व्हिस्पर्स' अमेरिकेत प्रदर्शित करणारे हेच गृहस्थ. २००९ साली त्यांना सन्माननीय ऑस्कर मिळाले.

आता एक विनंती. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात इतर ज्ञातींच्या मुलांस प्रवेश द्यावा, हा ठराव गतवर्षापासून कार्यकारिणीपुढे पडून आहे. तो चर्चेस घेण्यापूर्वी 'दि इन्ट्रूडर' याच सभागृहात दाखवावा. लागेल तो खर्च आम्ही देऊ.