बैलाचे दात आणि गाडीचे दाखले
(मंडळाच्या सभासदांपुढे अग्रहार, म्हैसूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर बोलणे शोभून दिसते. जुन्या मोटारीवर बोलण्यास उभे राहताना मला म्हणूनच थोडा संकोच वाटतो. तथापि हा विषय क्षुद्र नाही. मध्यमवर्गीय कुटुंब घराखालोखाल जी मोठी रक्कम एका वेळी हातावेगळी करते, ती पुष्कळदा गाडीसाठीच. ती वर्षानुवर्षांच्या बचतीतून आलेली असेल, तर एका चुकीची झळ मुलांच्या शिक्षणापर्यंत जाऊन पोचते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार ही केवळ धनिकांची वस्तू राहिली नाही. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण तिने लावलेली सवय मागे राहिली. आपल्या अग्रहारासारख्या जुन्या वस्तीत, जेथे घरापुढे जेमतेम जागा असते, तेथे लहान गाडी ही नुसती काटकसर नसून सोय आहे. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गावर दुचाकी व रिक्षा यांना मज्जाव झाला. वृद्ध आईवडिलांना बंगळुरास तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावयाचे असले की चार चाकांची उणीव जाणवते. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. मग दृष्टी जुन्या गाडीकडे वळते.

येथे मला आपल्या आजोबांच्या पिढीचे स्मरण होते. बैलबाजारात गेलेला शेतकरी रंगविलेली शिंगे आणि अंगावरची झूल पाहून भुलत नसे. तो दात पाही, बैलाला चालवून पाही, जुवाला जुंपून पाही; आणि मुख्य म्हणजे हा बैल कोणाच्या दावणीचा, हे चार ठिकाणी विचारी. आपण मात्र गाडीची झूल पाहतो, म्हणजे रंगाची चकाकी, आसनांची नवी आवरणे आणि मोटारीतला सुगंध. माझे आजचे सांगणे एवढेच, की जुनी गाडी घेताना आपण खरे तर तिचा इतिहास विकत घेत असतो. तो स्वच्छ असेल तर साधी गाडीही टिकते. तो झाकलेला असेल तर सर्वांत स्वस्त गाडी सर्वांत महाग पडते.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडील एका ओळखीतून मला एक लहान गाडी मिळाली. किंमत बाजारभावाहून बरीच कमी, रंग आरशासारखा. विकणाऱ्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. गाडी किती किलोमीटर धावली, लिटरला किती जाते, हे सारे मी विचारले. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती कोठे उभी होती, हे विचारले नाही. पहिल्या पावसाळ्यात आतून कुबट वास येऊ लागला, मग दिवे आपोआप विझू लागले. गालिचा उचलला तेव्हा खाली वाळलेला गाळ होता! वाचविलेल्या पैशांहून अधिक पैसे विजेच्या तारा बदलण्यात गेले.

म्हणून प्रथम दात पाहावेत. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आपण जाण्यापूर्वीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू करताच निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळीत आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर आत पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराच्या पाण्याची रेघ तेथे सहसा लपत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, तेही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर सारखे झिजलेले नसतील तर सांगाडा वाकल्याची शक्यता तपासावी. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरविता येतात. परंतु पेडलचे झिजलेले रबर आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या सहसा खोटे बोलत नाहीत.

मग जुवाला जुंपून पाहावे. त्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. चामुंडी टेकडी जवळच आहे. गर्दी नसलेल्या दिवशी पहाटे, मालकाला शेजारी बसवून, गाडी वर न्यावी. चढावर इंजिन गर्जते पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे. चढावर सुरक्षित जागी थांबून हँडब्रेक ओढावा आणि गाडी मागे सरकते का ते पाहावे. वर पोचेपर्यंत तापमानाचा काटा चढू नये. उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूस ओढली जाऊ नये. बरोबर आपल्या ओळखीचा मेकॅनिक असावा आणि त्याला त्याची फी आनंदाने द्यावी. सोनारानेच कान टोचावेत.

आता दाखल्यांकडे येतो. आपल्यापैकी बहुतेकांचे काका, मामा, आत्या महाराष्ट्रात आहेत. ‘घरचीच गाडी आहे, भाच्याला देऊन टाकू,’ असा प्रेमळ निरोप येतो. पण कोल्हापूरचा क्रमांक एमएच-०९ आणि म्हैसूर पश्चिमचा केए-०९; आकडा एकच असला तरी मध्ये राज्याची सीमा आहे. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी येथे ठेवावयाची तर तिची येथे पुनर्नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, तसेच तिच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. हा खर्च मिळवून मगच मामाची गाडी स्वस्त की महाग हे ठरवावे.

गाडीचे वयही नीट मोजावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च दारात उभा आहे असे समजावे. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद झाल्याशिवाय व्यवहार करू नये.

कंपनीही पाहावी. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली, तर फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा चांगल्या गाड्याही कमी भावात मिळतात. पण अडीअडचणीला सुटा भाग लगेच मिळेल का, हे आधी विचारावे. तुटपुंज्या खिशाला वॅगन-आर किंवा आल्टोसारखी, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही ठाऊक असलेली गाडीच बरी.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. ‘नाव नंतर बदलू’ म्हणून आपण ते लांबणीवर टाकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे अशी एक गाडी आली होती. ती एकामागून एक अनेक हातांत गेली, परंतु नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली आणि अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच भरपाईस जबाबदार धरले. मंडळात गाडी विकणारेही असतील. त्यांनी हे विसरू नये. घेणाऱ्यानेही चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

राहिला पैशाचा हिशेब. जवळ तीन लाख असतील तर गाडी अडीच लाखांचीच पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांना टायर, बॅटरी, बेल्ट, विमा आणि नावबदल हे दावेदार असतातच. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

त्या बुडालेल्या गाडीनंतर मी एका निवृत्त गृहस्थांची नऊ वर्षांची गाडी घेतली. रंग उडालेला, एका दारावर ओरखडा. पण त्यांनी पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या एका फायलीत लावून ठेवल्या होत्या. ती फाइल आता माझ्याकडे आहे आणि मी तिच्यात भर घालीत आहे. उद्या ही गाडी मी विकीन, तेव्हा घेणाऱ्याच्या हाती किल्लीच्या आधी ती फाइल देईन.