भारुडातला विंचू आणि भारुडातले भूत
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत भारूड घालावे की नाही, यावर गावसभेत बरीच चर्चा झाली. कळस चढण्याच्या शुभ दिवशी विंचू, भूत, सासू मरावी म्हणून केलेला नवस, असली अभद्र गाणी नव्या गाभाऱ्यासमोर कशाला, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांची तळमळ खोटी नाही. म्हणूनच या गाण्यांचा अर्थ चार शब्दांत सांगावा, अशी पंचांनी मला आज्ञा केली.

ही भारुडे एकनाथ महाराजांची. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे हे पंडित, पण भारूड रचताना त्यांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, गारुडी यांची सोंगे घेतली. सोंग घेणे म्हणजे एरवी फसवणे. नाथांनी मात्र सोंग घेऊन आतले उघडे केले.

आता विंचवाचे पाहा. आपल्याकडे विंचू कोणाला सांगायला नको. देवळाचा जुना चौथरा उकलताना जांभ्याखालून किती निघाले ते गवंड्यांना विचारा. तांबड्या विंचवाच्या दंशावर आपल्याच जिल्ह्यात बिरवाडी-महाडला डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी आयुष्य वेचले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण विलायतेच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी दाखवून दिले की काहींना नुसती असह्य कळ लागते, पण जिवाला धोका नसतो; काहींना मात्र दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि मार हृदयावर बसतो. पूर्वी असे रोगी शंभरात तीसेक दगावत. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध ते देऊ लागले आणि हे प्रमाण एक-दोनांवर आले.

नाथांच्या भारुडातही चावल्याबरोबर घाम सुटतो! त्या काळच्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलेले असणार. पण त्यांचा विंचू काम आणि क्रोध यांचा. तो दगडाखाली नाही, सदऱ्याखाली आहे. उतारा सांगितला आहे तो तमोगुण टाकून सत्त्वगुण लावण्याचा. (हा उतारा खऱ्या विंचवावर चालत नाही, हे बजावून सांगतो. विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र किंवा गंडादोरा करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

या भारुडातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट अशी, की चावला आहे तो गाणाऱ्यालाच. शेजाऱ्याला चावला, भावकीतल्या अमक्याला चावला, असे नाथ म्हणत नाहीत. आपण गावात कोण चोरून पितो, कोण आकडा लावतो, कोणी बांध सरकवला, याची यादी तोंडपाठ ठेवतो. आपले मात्र कौलाखाली झाकलेले असते. देणगी देऊन पाटीवर नाव आले की ते अधिकच नीट झाकले जाते. मीही पाटीवर आहे, म्हणून बोलतो! भारूड गाणाऱ्याला भर सभेत ‘मला’ म्हणावे लागते, आणि झीलकरी तेच ‘मला’ उचलतात. झाकलेले उघडे करण्याची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

रोडग्याच्या भारुडात सून भवानीला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, एकेकाची वाट लाव म्हणते, आणि नवराही त्यातून सुटत नाही. ऐकणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसतात, सासवा गंभीर होतात. कीर्तनकार सासऱ्याला अहंकार म्हणतात, सासूला कोणी कल्पना म्हणतो, कोणी माया. प्रत्येक नात्याला एकेक विकार खिळ्याने ठोकून बसवावा, असे मला वाटत नाही. माणूस देवापुढे हात जोडून मनात काय काय मागतो, ते एकदा मोठ्याने ऐकवले आहे. आणि शेवटी सगळे गेल्यावर जे एकटेपण उरते, ते जनार्दनाच्या पायाशी नेले आहे.

आणि भूत? इथे भले भले फसतात. लिंबू, नारळ, कोंबडा, देवऋषी, सगळे करून पाहिले तरी हे भूत सुटत नाही. हे नारदाला लागले, ध्रुवबाळाला लागले आणि तो रानात उभा राहिला. शेवटच्या कडव्यात कळते की हे भूत सर्वांठायी भरलेले आहे. म्हणजे तो देवच! विंचू विकाराचा, पण भूत परमेश्वराचे. पहिली ओळ ऐकून ‘अभद्र’ म्हणत जो उठून गेला, तो अर्थाला मुकला.

तेव्हा आज रात्रीच्या भारुडकरी मंडळींना एवढीच विनंती, की वेळ झाली म्हणून शेवटचे कडवे गाळू नये. शेजारती दहा मिनिटे उशिरा झाली तरी चालेल, असे पुजारीबुवांनी मला सांगितले आहे.